दहा अर्धायुष्यं

डॉ. सुधन्वा केंकऱ्यांना मारायला मला काहीच वेगळं करावं लागणार नव्हतं. रोजचं काम रोजच्यासारखं केलं असतं तरी पुरे होतं.

मंगळवारी सकाळी साडेआठला ते आमच्या मिरजेच्या दवाखान्यात आले. अडुसष्ट वर्षांचे, वाळलेले, गळ्याभोवती मफलर. गळ्यातली गाठ काढून झाली होती, पण रोग पसरला होता. या आठवड्यात औषध मिळालं तर वाचतील, असं त्यांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. औषध केंकऱ्यांच्याच यंत्राचं. यंत्राचं नाव 'अखंड', आणि देशातल्या एक्केचाळीस दवाखान्यांत ते बसवलेलं आहे. मी इथं ते औषध मोजते, बाटल्यांत भरते आणि डॉक्टरांच्या हाती देते.

सतरा वर्षं मी या माणसाला शिव्या घालत आले आणि त्यांना माझा चेहराही आठवत नव्हता. तोंडावर मास्क होता हे खरं, पण छातीवर नावाची पट्टी होती. ती त्यांनी चष्मा सावरून वाचली आणि म्हणाले, "जिनगरबाई, थोडं खासगी बोलायचं होतं." आडनावसुद्धा डोक्यात राहिलं नव्हतं. चोराला निदान घर तरी आठवतं.

आता थोडं मागचं सांगते, त्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

'अखंड'मध्ये लिथियमची केंद्रकं प्रचंड वेगानं बिस्मथवर आदळवतात. लिथियम अख्खं आत शिरलं आणि दोन्ही केंद्रकं एक झाली, की त्याला पूर्ण संमीलन म्हणतात. त्यातून काही टप्प्यांनी अ‍ॅस्टॅटीन नावाचं मूलद्रव्य मिळतं. ते रक्तातून रोगाच्या पेशींपर्यंत पोचवलं की तिथल्या तिथं त्यांना जाळतं आणि स्वतः लवकर संपून जातं. सव्वासात तासांत निम्मं, आणखी सव्वासात तासांत त्याच्या निम्मं. या निम्मं होण्याच्या काळाला अर्धायुष्य म्हणतात.

गोम अशी, की लिथियम सैल बांधणीचं आहे. बिस्मथ जवळ आलं की त्या ओढाताणीत ते पुष्कळदा दुभंगतं. एक तुकडा आत जातो आणि दुसरा तसाच पुढे निघून जातो. जोडप्याला आमंत्रण द्यावं आणि जेवायला एकट्यानंच यावं, तसं. हे अपूर्ण संमीलन. त्यातून जे भलतंसलतं तयार होतं त्यात पोलोनियमही असतं. त्याचं अर्धायुष्यच जवळजवळ एकशेचाळीस दिवसांचं, ते शरीरात मुरतं आणि हाडांतल्या मज्जेला खातं. कपट असं, की ते गॅमा किरण जवळजवळ सोडतच नाही, आणि 'अखंड'सोबत आलेला मीटर फक्त गॅमाच पाहतो. त्याच्या पडद्यावर रोज सकाळी हिरव्या अक्षरांत 'शुद्ध' असं उमटतं.

किती लिथियम दुभंगतं हे मोजणं हाच माझ्या पीएचडीचा विषय होता आणि केंकरे माझे गाइड होते. मोजायची रीत सोपी आहे. बिस्मथच्या मागे अ‍ॅल्युमिनियमचे अतिशय पातळ पापुद्रे एकामागे एक रचायचे. अख्ख्या लिथियमचा धक्का बसला की नवं केंद्रक चळतीत खोलवर जाऊन रुततं. तुकड्याचाच धक्का बसला तर अलीकडेच थांबतं. मग एकेक पापुद्रा वेगळा करून मोजायचा. माझ्या चळतीत आठ पापुद्रे होते, प्रत्येक आपापल्या पितळी चौकटीवर ताणलेला. आलेखात दोन टेकड्या आल्या, एक खोल, एक अलीकडे. म्हणजे लिथियममधला साधारण तिसरा हिस्सा दुभंगत होता.

त्या आलेखानं 'अखंड' जन्माआधीच मेलं असतं. केंकऱ्यांनी तो आणि चौकटी दोन दिवस ठेवून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मला सांगितलं की चळत सोडताना मी पापुद्र्यांचा क्रम चुकवला. त्यांनी तो 'दुरुस्त' केला होता. चौकटींवरचे आकडे बदलले होते आणि आता आलेखात एकच सुरेख टेकडी होती. अहो, वर्गातली कुठलीही आठ पोरं घ्या, उंच मधे आणि बुटकी कडेला उभी करा, एक टेकडी होतेच. पण मी सत्तावीस वर्षांची होते आणि ते केंकरे होते. समितीनं मला निष्काळजी ठरवलं आणि माझी पीएचडी तिथंच संपली.

क्रम मी चुकवलेला नव्हता, आणि हे मी शपथेवर नव्हे, सवयीवर सांगत होते. माझे बाबा कोल्हापुरात पुस्तकं बांधायचे. छापून घडी घातलेले पानांचे फर्मे क्रमानं रचले की ते चळतीच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढत. पुढं फर्मे हातातून पडले, कुणी विस्कटले, तरी रेघ जुळवली की क्रम जुळतो. मी आठ चौकटी रचून झाल्यावर त्यांच्या कडेवर सुईनं तशीच रेघ ओढली होती. केंकऱ्यांनी आकडे बदलले, कडा पाहिल्या नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ चौकटीची कड कशाला बघेल? ते बाइंडरच्या मुलीचंच काम.

पण चौकटी माझ्या हाती नव्हत्या. त्या केंकऱ्यांनी फेकून द्यायला पाठवल्या, असं मला सांगण्यात आलं.

फेकल्या गेल्या नाहीत त्या पिरजादेकाकांमुळे. ते त्या प्रयोगशाळेतले किरण-सुरक्षा अधिकारी. नियम असा, की किरणोत्सारी वस्तू दहा अर्धायुष्यं होईपर्यंत टाकायची नाही. अ‍ॅस्टॅटीन संपलं तरी जाताना ते किरणोत्सारी बिस्मथचा एक अंश मागे सोडतं आणि त्याचं अर्धायुष्य आहे एकतीस वर्षं. काकांनी केंकऱ्यांना सांगितलं की साहेब, ही चळत तीनशे वर्षांनी टाकता येईल, तोवर माझ्याकडे राहील, आणणाऱ्याची सही करा. केंकऱ्यांनी घाईत सही केली. गेल्या वर्षी निवृत्त होताना काकांनी मला फोन केला आणि रीतसर कागद करून ते पाकीट आमच्या दवाखान्याच्या किरणोत्सारी कोठीत पाठवून दिलं.

मी रेघ जुळवली, त्या उरलेल्या बिस्मथवरून तीन आठवडे एकेक चौकट मोजली. दोन टेकड्या, जशाच्या तशा.

किरणोत्सार नियंत्रण कार्यालयाला आलेख पाठवला, तर उत्तर आलं की रेघ नंतरही ओढलेली असू शकते. मग ताजा पुरावा द्यावा म्हटलं, तर तो कुठून आणायचा? कंपनीच्या कराराप्रमाणे औषधाचा थेंब इथून बाहेर जात नाही. रिकाम्या बाटल्यासुद्धा सीलबंद परत जातात. वरिष्ठांनी पडद्यावरचा 'शुद्ध' दाखवला आणि विषय संपवला.

आणि मी? मी रोज बाटल्या भरत राहिले. सोडून गेले असते तर दुसऱ्या कुणी भरल्या असत्या, असं स्वतःला समजावत होते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला केंकरे हवे होते. या यंत्राच्या जवळ राहिले तर कधीतरी ते हाती लागतील, या एका आशेवर मी इथं चिकटून होते. सूड माणसाला असा चिवट करतो.

तर त्या मंगळवारी ते समोर बसले होते आणि खासगी बोलायचं होतं. मी दार लावलं.

त्यांनी खिशातून सोनाराकडची मखमली डबी काढली. आत रुपयाएवढी चांदीची चकती होती, घासून लखलखीत केलेली. माझी बाटली भरण्याआधी ही माझ्या वाट्याच्या औषधाच्या कोमट द्रावणात चार तास ठेवा, म्हणाले. मग काढा आणि मला परत द्या. फार काही नाही, एक जादा काळजी, आणि नोंद करायचीही गरज नाही.

चांदी कशासाठी ते मला ठाऊक होतं. पोलोनियम चांदीवर आपोआप जाऊन बसतं. दुसरं काही बसत नाही, पोलोनियमच.

म्हणजे त्यांना माहीत होतं. चूक नव्हती, गैरसमज नव्हता, उतावीळपणाही नव्हता. सतरा वर्षं या माणसाला पुरतं माहीत होतं, आणि इलाज त्यांच्या खिशात मावत होता.

मी विचारलं की बाकीच्यांच्या औषधात का नाही टाकत. त्यांनी समजुतीनं सांगितलं, विद्यार्थ्याला सांगावं तसं. चार तासांत अ‍ॅस्टॅटीन तिसऱ्या हिश्शानं उतरतं. सहा जणांचं औषध चौघांना पुरतं. शिवाय चांदी का, हे विचारलं जाणार, म्हणजे यंत्राची मान्यताच जाणार. "हजारो लोक बरे झालेत," ते म्हणाले. "थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

मी मास्क काढला. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग कोठीतून पाकीट आणलं, आठ चौकटी टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, "तुमच्या क्रमानं रचा, सर."

त्यांनी चौकटींवरचं स्वतःचं अक्षर ओळखलं. रचल्या नाहीत, म्हणून मीच रचल्या, आधी त्यांच्या आकड्यांप्रमाणे. कडेवरची रेघ जागोजागी तुटली. मग माझ्या क्रमानं. रेघ वरपासून खालपर्यंत सरळ उतरली.

त्यांनी रेघेवरची नजर उचलून माझ्या छातीवरची पट्टी पुन्हा वाचली. "केतकी," ते म्हणाले. "तू केतकी जिनगर."

"हो."

"हे तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"चौकटी तुम्ही फेकायला पाठवल्या होत्या."

मग मी माझी अट सांगितली. 'अखंड'चे मुख्य सल्लागार म्हणून सगळ्या दवाखान्यांना सूचना पाठवायचा अधिकार त्यांच्या अंगठ्याच्या ठशात होता. चांदीची सूचना एक्केचाळीस ठिकाणी पाठवा, कारणासकट. नाहीतर बाकीचे घेतात तसलंच औषध घ्या. यंत्र तुमचं, पडद्यावर 'शुद्ध' लिहिलेलंच आहे.

त्यांनी आधी दटावलं. मग पीएचडीचं प्रकरण पुन्हा उघडता येईल असं सुचवलं, आणि मला हसू फुटलं. मग म्हणाले की मी दुसरीकडे जाईन. मी म्हटलं, जा की, तिथंही चांदी कशाला ते सांगावं लागेलच. ते उठले आणि पुन्हा बसले. मला खोटं बोलायचं नाही, त्या एका तासाइतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. ते घाम पुसत होते आणि घड्याळाकडे बघत होते, कारण त्यांचं औषध मिनिटामिनिटाला उतरत होतं, आणि ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. उतरू दे, असं मला वाटत होतं. बसा दिवसभर.

दारावर टकटक झाली. कँटीनची हौसाक्का चहा घेऊन आली होती. बाहेर पाच पेशंट सकाळपासून बसून आहेत, त्यांना चहा देऊन इकडे आली, असं म्हणाली. केंकऱ्यांपुढे तिनं कप ठेवला.

"चा घ्या, पावनं. घाबरायचं काय बी काम न्हाई. मला बी हितंच बरं क्येलं ह्या केतकीबाईनी, दोन वरसं झाली." कप ठेवताना तिची बाही वर सरकली. कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे डाग होते. केंकरे बघतायत हे पाहून ती हसली. "हे तेवढं उठत्यात आता. अंगात रगत टिकंना म्हनत्यात. त्येला काय, जीव तर ऱ्हायला न्हवं?"

तेव्हा मी केंकऱ्यांकडे बघत नव्हते. हौसाक्काची बाटली मी भरली होती. माझ्या हातानं, 'शुद्ध' वाचून, आत काय आहे ते ठाऊक असताना. आणि आत्ता बाहेर पाच माणसं बसली होती आणि मी इथं मजा करत त्यांचं औषध नासवत होते. या खोलीत औषधाशी खेळ करणारे आम्ही दोघं होतो.

हौसाक्का गेली. मी चकती उचलली आणि द्रावणात सोडली. केंकऱ्यांच्या बाटलीत नाही, सगळ्यांच्या भांड्यात.

केंकऱ्यांनी सुस्कारा टाकला. अट न मानताच काम झालं असं त्यांना वाटलं असणार, आणि खरंच झालं होतं. मला 'थँक यू' म्हणाले, चहासुद्धा प्यायले. मी बाहेर जाऊन सांगितलं की आज उशीर होईल, आणि यादीतल्या पहिल्या चौघांनाच औषध मिळेल. पाचव्या होत्या जतच्या एक शिक्षिका. त्या उद्या यायला तयार झाल्या.

सहावे केंकरे होते.

त्यांना हे दुपारी दोनला कळलं, चारही बाटल्या वर डॉक्टरांकडे गेल्यावर. ते चिडले नाहीत, फार थकले होते. उद्या सकाळी मिळेल ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नक्की मिळेल, सराफाकडून दुसरी चकती आणून ठेवते, आता रोजच लागणार. मग त्यांनी हात पुढे केला.

"माझी चकती."

ती काचेच्या बशीत पडली होती. सकाळची लकाकी गेली होती. तिच्यावर काय बसलंय ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते कुठल्याही प्रयोगशाळेत कुणालाही मोजता येणार होतं. औषध कंपनीचं होतं, बाटल्या कंपनीच्या होत्या. चकती कंपनीची नव्हती. करारात तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"ती आता किरणोत्सारी आहे, सर," मी म्हटलं. "खिशात घालून नेता येत नाही. दहा अर्धायुष्यं कोठीत ठेवावी लागते. पोलोनियमची दहा म्हणजे जेमतेम चार वर्षं. तेवढ्यात चौकशी आरामात होईल."

मी कचऱ्याचं पाकीट आणि फॉर्म पुढे ठेवला. वस्तू, चांदीची चकती. त्यावर काय आहे, पोलोनियम. आणणाऱ्याचं नाव, डॉ. सुधन्वा केंकरे. कशासाठी आणली, 'अखंड'च्या औषधातलं पोलोनियम काढून घेण्यासाठी. सगळं मीच भरलं होतं. फक्त सहीची जागा रिकामी होती. फॉर्मची एक प्रत त्याच दिवशी नियंत्रण कार्यालयात जाते.

त्यांनी वाचलं. "मी सही केली नाही तर?"

"वस्तूची नोंद मी यंत्रात सुरू केलीय, आणि ती अर्धी राहिली तर यंत्र दुसऱ्या दिवशी सुरूच होत नाही. आणणाऱ्याच्या सहीशिवाय कुलूप निघत नाही." मी पेन त्यांच्याजवळ सरकवलं. "ही सोय तुम्हीच बसवलीय."

उद्या यंत्र सुरू झालं नाही तर जतच्या बाईंना औषध नव्हतं, आणि केंकऱ्यांनाही नव्हतं. हा आठवडा गेला तर मग घाई करण्यासारखं काही उरणार नव्हतं. त्यांनी मला विचारलं की तुला मी मेलेलाच बरा वाटलो असतो ना. मी खरं सांगितलं. सकाळपर्यंत वाटत होता. पण मेलेल्या माणसाला चौकशीत उभं करता येत नाही, म्हणून तुम्ही जगा, चांगली दहा-वीस वर्षं जगा.

त्यांनी सही केली. सतरा वर्षांपूर्वीच्या पाकिटावर होती तशीच, घाईची, शेवटी लांब शेपूट असलेली. मी चकती पाकिटात घातली, पाकीट जुन्या पाकिटावर ठेवलं, आणि दोन्हींच्या कडेवर मिळून एक तिरकी रेघ ओढली.

केंकरे मफलर गुंडाळत जिन्याकडे गेले. उद्या साडेआठला या, असं मी मागून सांगितलं.

मग फॉर्मचा आणखी एक कागद घेतला आणि मी भरलेल्या पहिल्या बाटलीपासून कालच्या शेवटच्या बाटलीपर्यंतचे नंबर, कुठून कुठवर ते, त्यावर उतरवले. एकूण चार हजार दोनशे अठरा झाल्या. मला ठाऊक असताना दिल्या, असं खाली लिहिलं, सही केली आणि तो कागद घेऊन कँटीनमध्ये गेले. हौसाक्का भांडी विसळत होती. तिनं हात पुसले, माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि विचारलं, "काय वो बाई, चा टाकू काय?"

मी म्हटलं, आधी हे वाचून दाखवते.